खांबचा डबा रिकामा येत नाही

पेण, रविवार, दुपारचं जेवण आटोपून

ती. रंभाताईच्या पायाशी धाकट्या दिनूचा नमस्कार. (पायाशी म्हणजे उजव्या. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन अजून ताजं आहे, त्याला मी नमस्कारालासुद्धा हात लावणार नाही.) गुडघा आता कितपत वाकतो? तो व्यायामवाला रोह्याहून येतो की नुसताच फोनवरून 'वाकवा, वाकवा' म्हणतो? दारातल्या शेवग्याला यंदा शेंगा चांगल्या धरल्यात हे मला कळलंय, आणि खांबला न येता कसं कळलं ते पुढे सांगतो. आम्ही इकडे ठीक आहोत. सगुणाची कंबर धरते, पण ती विषय काढते माझ्या पोटाचा. थंडी अजून हटलेली नाही. रात्री कानाला गुंडाळून झोपत जा, आणि पहाटे अंगणात जायचं झालं तर काठी घेऊन जा, ती काही नुसती कोपऱ्यात उभी करायला दिलेली नाही.

तू फोनवर दर वेळी विचारतेस, की दिनू, तू त्या कंपनीत करतोस तरी काय? आणि मी दर वेळी 'बघायला लागतं सगळं' म्हणून विषय बदलतो. आज सगळं सांगतो. धाटावच्या केमिकल कंपनीत माझं अर्धं आयुष्य गेलं, तिथे माणसाला आपण कोण ते ठाऊक असायचं. ऑपरेटर, फिटर, शिफ्ट इन्चार्ज. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर. ती सोडून मी घरी बसलो तेव्हा सगुणाने पहिले काही दिवस लाड केले आणि मग एके दिवशी सरळ विचारलं, की तुम्ही रोज असेच घरी असणार व्हय? त्याच आठवड्यात मी 'डबाफेर'मध्ये लागलो. तुझ्या दृष्टीने डबाफेर म्हणजे दारात स्टीलचा डबा ठेवून जाणारा रघू. पण त्यामागे केवढं लटांबर आहे बघ. पोरं बंगळुरूला, पुण्याला, दुबईला. आईबाप खांबला, निडीला, नागोठण्याला. पोराने तिकडे मोबाइलवर बोट टेकवलं, की इकडे रोह्याच्या किचनमध्ये अनिता आणि तिच्या बायका स्वयंपाक करतात, रघू टेम्पोतून पोचवतो, आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचा डबा घेऊन जातो. तो डबा मग धुवायला पेणला येतो. (धुण्याचं मशीन एकच आहे आणि ते पेणला आहे. म्हणजे खांबला जेवलेला डबा नुसता अंघोळ करायला वडखळचा ट्रॅफिक सोसून पेणला येतो आणि परत रोह्याला जातो. मी लागलो तेव्हाच विचारलं, असं का? म्हणाले, हे फेज टूमध्ये बघू. फेज टू कधी ते अजून कोणी सांगितलेलं नाही.)

कंपनी वाढते आहे. हे मी म्हणत नाही, भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. मी लागलो तेव्हा माणसं सहा होती आणि खुर्च्या सात. आता माणसं किती ते नेमणुका करणाऱ्या पोरीलाही सांगता येत नाही, आणि खुर्च्या सातच आहेत, एक पाय मोडलेली धरून. लवकर येईल त्याला खुर्ची, उशिरा येईल त्याला बीन बॅग. बीन बॅग म्हणजे आत दाणे भरलेलं गाठोडं. पहिल्या दिवशी मी त्यात बसलो, तो संध्याकाळी दोघांनी हात देऊन उठवला तेव्हाच उठलो. ऑफिसच्या खाली गणपतीचा कारखाना आहे, त्यामुळे सगळ्यांच्या लॅपटॉपवर पांढरी धूळ असते आणि पुण्याची पोरं सकाळी आल्याबरोबर आधी फुंकर मारतात. खाली ओळीने बिनरंगाचे गणपती बसलेले, वर ओळीने बिनझोपेची पोरं.

माझ्या गळ्यातल्या पट्ट्यावर 'हब हॅपिनेस लीड' लिहिलंय. म्हणजे पेणच्या ऑफिसात सगळे आनंदात आहेत की नाही ते मी बघायचं. सगुणाने ते वाचलं आणि विचारलं, हे घरी कधीपासून लागू? कंपनीचा मालक ऋत्विक, तुझ्या सुशीलपेक्षाही वयाने लहान. धाटावला साहेबसुद्धा मला दिनानाथराव म्हणायचे, हा 'दिना' म्हणतो. त्याचं म्हणणं, इथे सगळे सारखे, कोणी कोणाला साहेब म्हणायचं नाही. मी 'ऋत्विक' म्हणायला तोंड उघडतो आणि 'साहेब' आपोआप मागून येतं, मग त्याचा चेहरा पडतो. पोरगा मनाने चांगला आहे हो, ताई. सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवतो, फक्त त्यांची नावं विसरतो.

रोज सकाळी एक मीटिंग असते ती उभ्याने करायची. धाटावला उशीर झाला की उभं करायचे, इथे वेळेवर आलं की उभं करतात. गोल करून प्रत्येकाने सांगायचं की काल काय केलं, आज काय करणार आणि कुठे अडलंय. गेल्या महिन्यात एक चष्मेवाला, पाठीला सॅक लावलेला गृहस्थ जिना चढून आला. बंगळुरूहून नवे व्हाइस प्रेसिडेंट येणार असं ऐकून होतो, मी समजलो हेच. पाणी दिलं, कंपनीचा टी-शर्ट दिला, कंपनीचं ध्येय समजावून सांगितलं (मला समजलंय तेवढं, त्यामुळे लवकर संपलं) आणि त्यांना मीटिंगला उभं केलं. त्यांचा नंबर आला तेव्हा ते म्हणाले, की काल नागोठण्याला होतो, आज इथे आहे, गॅस भरावा लागेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते एसी दुरुस्तीवाले होते. टी-शर्ट घालूनच गेले. खरे व्हाइस प्रेसिडेंट दुसऱ्या दिवशी आले, त्यांना कोणी पाणीही विचारलं नाही आणि अजून ते बीन बॅगवरच बसतात.

आता डब्याकडे येतो. आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही हे तुला सांगायला नको. (हे मी तुलाच काय सांगत बसलोय! पण ऑफिसात इतक्या वेळा समजावून सांगितलंय की आता सवयच लागली.) तेव्हा पहिल्याच आठवड्यापासून रोहा लाइनचे, म्हणजे तुमच्याकडच्या गावांचे, डबे परत येताना काही ना काही घेऊन यायला लागले. निडीहून वालाच्या शेंगा. कोलाडहून कोकमं. शेतात पोपटीची मडकी लागतात त्या दिवसांत तर अख्ख्या टेम्पोला भाजलेल्या शेंगांचा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास. खाडीपट्ट्यातल्या काशीबाई, ज्यांच्या घरचं मिठागर आहे, त्या डबा काठोकाठ मीठ भरून पाठवतात. आणि खांबहून तू. सुशीलने तुझ्या ऑपरेशननंतर हा डबा लावला तेव्हा तू माझ्याशी बोलेनाशी झाली होतीस, ते मी विसरलेलो नाही. ज्या घरातून आयुष्यभर भरली ताटं बाहेर गेली, त्या घरात आता आयता डबा येणार, याचं तुला फार लागलं होतं. मग एके दिवशी तू म्हणालीस, बरं, येऊ दे, पण जाताना माझं काहीतरी त्यात जाईल. तेव्हापासून शेवग्याच्या शेंगा, सुकटीची चटणी, आवळ्याचं लोणचं, सगळं आमच्याकडे रोज पोचतंय.

पेणला डबे धुणाऱ्या बायका हे सगळं निगुतीने काढून ठेवतात आणि दुपारी आम्ही सगळे वाटून खातो. ऑफिसात घरून डबा आणणं कधीच बंद झालं. मी हे वर कोणाला कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं त्यात काही आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सूर्य उगवला म्हणून कोणी वर कळवतं का? गंमत म्हणजे ऋत्विकला वाटायचं की खाण्यापिण्याची ही सोय कंपनीनेच केलेली आहे. नोकरीच्या जाहिरातीत तो 'मोफत स्नॅक्स' असं लिहायचा. मोठ्या कंपन्यांत चिप्स आणि बिस्किटं ठेवतात म्हणे, आपल्याकडे सुकटीची चटणी ठेवतात, एवढंच त्याला वेगळं वाटलं. तुझी चटणी तो भाकरीबरोबर चमच्याने खातो.

पण त्या धुण्याच्या मशीनच्या तोंडाशी एक काटा आहे. झाकण उघडायच्या आधी डबा त्याच्यावरून जातो. रिकाम्या डब्याचं वजन ठरलेलं आहे, त्याहून जास्त भरलं की लाल दिवा लागतो. आमच्या बायकांनी त्याचा अर्थ असा घेतला की लाल दिवा म्हणजे आत काहीतरी चांगलं आलंय. लाल लागला की त्या खूश. आणि त्याच वेळी ते मशीन परस्पर पुण्याला कळवत होतं की अन्न उरलं, गिऱ्हाईक नाराज.

पुण्याला मृणाली म्हणून एक मुलगी आहे, ती दिवसभर आकड्यांकडे बघते. शांत, शहाणी मुलगी. तिच्या नकाशावर पेण हिरवं आणि रोहा लालभडक दिसायला लागलं. (पेणवाल्यांनी काय पुण्य केलं विचारशील, तर पेणवाले डब्यात चार पोह्याचे पापड ठेवतात, त्यांना वजनच नसतं.) काशीबाईंच्या मिठाने तर ती चक्रावली. आपण पाठवतो त्याच्यापेक्षा त्या बाईंकडून जास्त अन्न परत येतंय, हे कसं काय, म्हणून तिने मशीन तपासायला माणूस पाठवला. माणूस आला, मशीन ठीक आहे म्हणाला, दुपारी आमच्याबरोबर जेवला आणि गेला. त्यालाही काही सुचलं नाही.

मग कंपनीने माफीचे मेसेज पाठवायला सुरुवात केली, तेही पोरांना. सुशीलला मेसेज गेला की तुमच्या आईंना आमचं जेवण आवडत नसल्याचं दिसतं, क्षमस्व. म्हणून तो धावतपळत आला होता, ताई. तू मला म्हणालीस की पोराला अचानक आईची आठवण आली. आठवण कसली, त्याला वाटलं तू उपाशी राहतेस. आल्या आल्या त्याने तुला रोह्याच्या डॉक्टरकडे नेऊन काट्यावर उभं केलं, ते याच्यामुळे. तुझं वजन वाढलेलं निघालं आणि तो गोंधळून परत गेला. पुण्याहून तुला एका मुलीचा फोन आला होता, 'जेवण कसं असतं आजी' म्हणून, ती हीच मृणाली. तू म्हणालीस, 'बरं असतं हो.' आता खांबला 'बरं असतं' म्हणजे केवढं कौतुक ते मला कळतं. पुण्याला ते 'असमाधानी' म्हणून नोंदलं गेलं.

या सगळ्यात मेली कोण, तर अनिता. तिला दर आठवड्याला कागद जायचा की रोह्याचं अन्न खपत नाही. आधी तिने मीठ कमी केलं, मग वाढवलं. मसाला बदलला, तेल बदललं, तांदूळ बदलला. पहाटे उठून स्वतः वाल सोलायला बसायला लागली, कोणावर विश्वास ठेवेना. आधी ज्या कॅन्टीनमध्ये या सगळ्या बायका कामाला होत्या ते बंद पडलंय, घरं सगळी याच किचनवर चाललीत, म्हणून ती दुसऱ्या कोणाला काही सांगेना. एकदा मी रोह्याला गेलो होतो, तर मला बाजूला घेऊन म्हणाली, 'काका, खरं सांगा, माझ्या हाताला चव नाय व्हय?' आणि तिच्या डोळ्यांत पाणी. मला फार वाईट वाटलं गो ताई. मी म्हटलं, असं कसं, आम्ही पेणला तुझ्या लाइनच्या डब्यांवरच जगतोय. तिला वाटलं मी समजूत काढतोय. मलाही तेव्हा ते लाल दिव्याचं काही माहीत नव्हतं.

कळलं ते मोठ्या मीटिंगमध्ये. ऋत्विक पडद्यावर चित्रं दाखवत होता आणि एकदम तुझं नाव आलं. 'ग्राहक: रंभाबाई, खांब. लागल्या दिवसापासून रोज नाराज.' शेजारी लाल दिव्यांची रांग. आणि खाली लिहिलेलं की रोह्याचं किचन महिनाअखेर बंद करून तळोज्याच्या मोठ्या किचनमधून डबे पाठवावेत. मी बीन बॅगमधून एकट्याने उठलो, ताई. कोणी हात दिला नाही, दिला असता तर घेतलाही नसता. म्हटलं, साहेब, ही माझी सख्खी बहीण आहे, आणि तुम्ही आत्ता ज्या वाटीतून खाताय ती चटणी तिच्या डब्यातून आलीय. सगळं सांगितलं. ऋत्विकने वाटी हळूच खाली ठेवली. मग त्याचा चेहरा उजळला आणि त्याने मला मिठी मारली, सगळ्यांदेखत. म्हणाला, दिना, हे सोनं आहे.

मला वाटलं, मिटलं. पण वाढत्या कंपनीत नुसतं मिटत नाही, आधी त्याचं बटण करावं लागतं. मुंबईचे जे लोक कंपनीत पैसे घालतात त्यांचा माणूस आहे साईराज, तो म्हणाला की गोष्ट छान आहे, पण पुरावा दाखवा. म्हणून पोरांनी दोन दिवस जागून बटण केलं. डबा परत निघाला की बंगळुरूला पोराच्या मोबाइलवर विचारणा जायची: 'तुमच्या आईंनी डब्यात काही ठेवलं आहे का?' पोरगा आईला फोन करायचा. आई काय म्हणणार? 'नाय रे बाबा, मी काय ठेवणार.' द्यायचं ते गाजावाजा करून का देतात? सुशीलने तुला विचारलं तेव्हा तूही हेच म्हणालीस, आणि नंतर खोटं बोलल्याचं तुला इतकं वाटलं की त्या दिवशी डब्यात रोजच्या दुप्पट शेंगा कोंबल्यास. सगळ्यांनी असंच केलं. आठवड्याने आकडे आले ते असे, की रोहा लाइनच्या एकाही घराने डब्यात काही ठेवलेलं नाही, आणि वजन मात्र आधीपेक्षा वाढलंय. मृणालीने बिचारीने मला फोन करून हळू आवाजात सांगितलं, काका, मग ते उरलेलंच अन्न म्हणायचं ना, आता तर लोक स्वतःच म्हणतायत.

मी चिडलो. म्हटलं, आत्ताच्या आत्ता एक डबा उघडून फोटो पाठवतो, बघा डोळ्यांनी. पहिला हाताला लागला तो उघडला, फोटो काढला आणि बघायच्या आधीच थेट साईराजला पाठवला. तो डबा तुझा होता. आदल्या दिवशी अनिताने वालाचं बिरडं दिलं होतं, ते तू खाल्लंस, आणि 'आमच्यात असं करतात' हे तिला कळावं म्हणून तू स्वतःच्या हातचं बिरडं करून डब्यातून पाठवलं होतंस. साईराजने आदल्या दिवशीचा मेनू बघितला, फोटो बघितला आणि मला उलट लिहिलं, की आभारी आहे, शंका फिटली. (बिरडं अप्रतिम होतं. ते मी तसंच अनिताकडे पाठवलं. तिने चाखलं आणि म्हणाली, मावशी नारळ जास्त घालतात, मला आधी सांगायचं ना.)

अनिताला मी सगळं खरं खरं सांगितलं. आधी ती हसली, पोट धरून हसली, तिच्या सगळ्या बायका हसल्या. मग एकदम उसळून म्हणाली, 'मंग मला इतके दिस रडवलं कशाला?' शेवटी ऋत्विकने साईराजच्या मिनतवाऱ्या करून एक आठवडा मागून घेतला. येत्या सोमवार ते शनिवार रोहा लाइनचे डबे हिरवे आले, तर किचन राहील. नाही आले, तर तळोजा. आणि तळोज्याहून काय येणार तेही सांगतो: पनीर. तुला आणि काशीबाईंना, रोज, पनीर.

तर अशी आमची कंपनी. बाकी इकडे सर्व ठीक. गुडघ्याला तेल लावत जा, आणि डॉक्टरने सांगितलंय तेवढंच चाल. सुशीलचा फोन आला तर वजनाचा विषय काढू नकोस, तो अजून खजील आहे. शेवग्यावर स्वतः चढायचा किंवा कोणाला ओरडून ओरडून चढवायचा विचार करू नकोस.

तुझा,
दिनू

ता. क. : मुख्य ते राहूनच गेलं. उद्यापासून सहा दिवस डब्यात फक्त चिमूटभर साखर घाल. मी स्वतः काट्यावर ठेवून पाहिलं, तेवढ्याने दिवा लाल होत नाही. डबाही रिकामा जात नाही. साखर म्हणजे घरात दुसरं काही नसलं की घालायची गोष्ट, हे मला कळतं, आणि तुझ्या घरातून अशी साखर जावी हे मला मागायला नको होतं. बाकी सगळ्यांना मी फोन करून कबूल करून घेतलंय. काशीबाईंनी फक्त एवढंच विचारलं, की चिमूट कोणाची, माझी की तुझी? तुला फोन करायला दोनदा नंबर लावला आणि दोन्ही वेळा तू 'हॅलो' म्हणायच्या आत ठेवून दिला. तो मीच होतो. साईराज बुधवारी स्वतः पेणला येतोय आणि त्याला सगळ्यांत आधी खांबचा डबा बघायचाय.

ता. क. : सगुणाने हे पत्र वाचलं. म्हणाली, थोरल्या बहिणीला असं लिहितात व्हय? तिने असंही लिहायला सांगितलंय की डब्यात नको, पण शेंगांची पिशवी रघूच्या हातात दिली तर ती काट्यावर चढत नाही. हे तिचं म्हणणं आहे, मी नुसतं लिहितोय. शेंगा कोवळ्या बघून द्या म्हणाली.

ता. क. : मागच्या आठवड्यात कंपनीच्या डब्यात मावेना म्हणून तू आवळ्याचं लोणचं तुझ्या पितळी डब्यातून पाठवलंस, तो डबा या पत्राबरोबर उद्या सकाळी रघूच्या हाती परत करतोय. तुला सांगतोय तर आधी आपण करावं म्हणून मी तो घासून लखलखीत केला, आत चिमूटभर साखर टाकली आणि झाकण लावलं. जिन्यापर्यंत गेलो. मग डोळ्यांसमोर आलं, की तू डबा उघडणार आणि आत एवढीशी साखर. परत आलो. पोह्याचे पापड घातले. पापडांच्या बाजूला जागा होती तिथे सगुणाने रव्याचे लाडू बसवले, लाडवांच्या फटीत लसूण खोचली, आणि आता झाकण बसत नाही, म्हणून सुतळीने बांधलंय. तुझ्याकडे सहा दिवस मागतोय ते मला एक दिवससुद्धा जमलं नाही. पण त्या अनितासाठी तेवढी चिमूट घाल, ताई. माझ्याच्याने झालं नाही, तुझ्याच्याने होईल, आपल्या घरात घट्ट मनाची पहिल्यापासून तूच. सुतळी परत पाठवू नकोस.